सार्वजनिक आरोग्याचे विद्यापीठीय शिक्षण : पदवी, पद आणि लोक

प्रस्तावना

'सार्वजनिक आरोग्य शिक्षण' ह्या शब्दसमूहाचे मराठीत दोन अर्थ होतात. सार्वजनिक आरोग्य ह्या विषयाचे शिक्षण हा एक अर्थ आणि सर्वसामान्य जनतेला दिले जाणारे आरोग्याचे शिक्षण हा दुसरा. पहिले शिक्षण विद्यापीठात मिळते. त्याला प्रवेशपरीक्षा असते, शुल्क असते आणि अखेरीस पदवी असते. दुसरे अंगणवाडीत, ग्रामसभेत, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर चालते आणि ते देणाऱ्या आशा कार्यकर्तीजवळ बहुधा कोणतीच पदवी नसते. ह्या दोन अर्थांची फारकत कशी झाली आणि तिचा परिणाम पदवीधरांच्या व्यवसायसंधींवर कसा होतो, ह्याची चिकित्सा येथे करावयाची आहे. मार्गदर्शन मेळाव्यांतून ह्या अभ्यासक्रमाची ओळख 'डॉक्टर न होताही आरोग्यक्षेत्रात उज्ज्वल भवितव्य' अशा शब्दांत करून दिली जाते. 2020 च्या कोविड साथीनंतर ह्या वाक्याला अधिकच धार आली. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात जे सांगितले जात नाही ते विद्यार्थ्याला दोन वर्षांनी, भरतीची जाहिरात वाचताना कळते.

परंपरेचा उगम

सार्वजनिक आरोग्य हे वैद्यकापासून वेगळे असे विद्यापीठीय शास्त्र मानण्याची कल्पना मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ ह्यांच्या 1915 च्या अहवालानंतर, रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने 1916 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ह्या विषयाची स्वतंत्र शाळा स्थापन झाली. त्याच प्रतिष्ठानाच्या मदतीने कलकत्त्यात 30 डिसेंबर 1932 रोजी अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली. भारतात ह्या शिक्षणाचा पाया अशा रीतीने स्वातंत्र्यापूर्वीच घातला गेला होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

त्यानंतर आली ती भोर समिती. 1943 मध्ये नेमलेल्या ह्या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असावा आणि तेथून 'सामाजिक वैद्य' तयार व्हावा, ही तिची शिफारस दूरदृष्टीची होती. मात्र तिच्यातच पुढील अडचणीचे बीज होते. सार्वजनिक आरोग्याला घर मिळाले ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. शल्यचिकित्सा व औषधवैद्यक ह्या विषयांच्या शेजारी हा विभाग नेहमीच धाकट्या भावासारखा राहिला. 1975 च्या श्रीवास्तव समितीने ह्या विसंगतीकडे लक्ष वेधले. 1977 मध्ये वैद्यकीय शिक्षणाला ग्रामाभिमुख करण्याची योजनाही आली. तरीसुद्धा आजचा वैद्यकीय विद्यार्थी ह्या विषयाला 'पीएसएम' म्हणतो, पार्क ह्यांचे जाडजूड पाठ्यपुस्तक परीक्षेपुरते वाचतो आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी ही शाखा बहुधा आपल्या यादीच्या तळाशी ठेवतो.

सर्व शाखांच्या पदवीधरांना खुला असा 'एमपीएच' अभ्यासक्रम भारतात बराच उशिरा आला. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या अच्युत मेनन केंद्राने तो 1997 मध्ये सुरू केला. 2006 मध्ये पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर, शिलाँग येथे तिच्या संस्था निघाल्या. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुणे विद्यापीठ ही ठळक नावे; खाजगी व अभिमत विद्यापीठांची भर त्यानंतर पडत गेली. वर्गात येणारे विद्यार्थी आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या, समाजकार्य, जीवशास्त्र अशा विविध शाखांतील असतात. ही विविधता ह्या शिक्षणाचे बलस्थान आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिची फारशी कदर भरतीच्या नियमांत होत नाही.

जनजागृती ह्या शब्दाचा आधार

अभ्यासक्रमाचा साचा सर्वत्र जवळपास सारखा आहे. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्यव्यवस्थापन, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्याचे अर्थशास्त्र, वर्तनशास्त्र आणि शेवटी क्षेत्रकार्य व लघुप्रबंध. ह्यांतील साथरोगशास्त्र व सांख्यिकी ह्यांचे अध्यापन अनेक ठिकाणी चांगले होते. विद्यार्थी नमुना काढावयास शिकतो, संगणकावर सारण्या तयार करतो, सहसंबंध आणि कार्यकारणभाव ह्यांतील भेद सांगू शकतो. हे थोडे नव्हे.

खरी परीक्षा लघुप्रबंधात होते. ज्ञान, वृत्ती आणि आचरण ह्या त्रयीवर बेतलेली प्रश्नावली हा ह्या प्रबंधांचा लाडका साचा होय. शंभर-दोनशे मातांना प्रश्न विचारले जातात, त्यांपैकी किती जणींना लोहाच्या गोळ्यांचे महत्त्व 'माहीत' आहे ह्याची टक्केवारी निघते आणि शेवटच्या पानावर शिफारस येते : जनजागृती होणे आवश्यक आहे. हे वाक्य इतक्या प्रबंधांत इतक्या वेळा आलेले असते की ते लिहिण्यासाठी गावात जाण्याची गरज होती काय, असा प्रश्न परीक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. गोळ्या घेतल्यावर मळमळ होते, शौचाला काळे होते, बद्धकोष्ठ होतो. कधी उपकेंद्रात गोळ्याच शिल्लक नसतात. कधी घरातील वडीलधाऱ्या बाईला गोळ्यांनी बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी भीती असते. ह्या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. प्रश्नावलीत मात्र ही सगळी कारणे 'अज्ञान' ह्या एकाच रकान्यात जाऊन पडतात.

ज्ञानाची पोकळी लोकांकडे आहे आणि ती भरणारा घडा विद्यापीठाकडे आहे, ही समजूत ह्यामागे आहे. महाराष्ट्राच्या आरोग्यविषयक इतिहासात तिचे कठोर खंडन पूर्वीच होऊन गेले आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये तो पुण्यात पसरला. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. घरझडती, विलगीकरण, निर्जंतुकीकरण हे उपाय त्या काळच्या शास्त्राला धरून होते. परंतु ते लष्कराच्या हातून, लोकांच्या देवघरात व माजघरात शिरून अमलात आणले गेले. परिणाम सर्वांना ज्ञात आहे. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले. साथनियंत्रणाच्या ह्या दोन पद्धती एकाच शहरात, एकाच वर्षी समोरासमोर उभ्या होत्या. अभ्यासक्रमात पहिलीचा उल्लेख कायद्याच्या प्रकरणात येतो. दुसरी पद्धतीच्या प्रकरणात यावयास हवी. ती येते, आलीच तर, जयंतीच्या कार्यक्रमात. 1897 चाच कायदा मार्च 2020 मध्ये पुन्हा लागू करण्यात आला, तेव्हाही टाळेबंदीची भाषा आदेशाची होती आणि ज्यांना पायी गावी जावे लागले त्यांच्याशी संवादाची सोय कोणाकडेच नव्हती.

लोकशिक्षणाची आणखी एक परंपरा मराठीत आहे व ती विद्यापीठाबाहेरची आहे. र. धों. कर्वे ह्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. ते गणिताचे प्राध्यापक होते. ह्या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली, न्यायालयात उभे राहावे लागले. आज आरोग्यसंवाद हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने कर्व्यांचे नाव ऐकलेले असेलच असे नाही; अमेरिकन वर्तनबदलाच्या प्रतिमानांची नावे मात्र त्याला तोंडपाठ असतात. प्रतिमाने शिकू नयेत असे नव्हे. परंतु ज्या भाषेत उद्या बोलावयाचे, त्या भाषेत ह्या विषयावर पंचवीसहून अधिक वर्षे कोणी काय लिहिले, हे न वाचता संवादतज्ज्ञ होता येते, ही विद्यापीठीय व्यवस्थेचीच नामुष्की होय. अध्यापन, परीक्षा, प्रबंध ही सर्व इंग्रजीत असल्यामुळे 'रिस्क फॅक्टर' ह्या संज्ञेची व्याख्या सांगणारा विद्यार्थी ती गोष्ट आजीबाईला कशी सांगावी ह्याबाबत गोंधळतो.

पद कोठे आहे?

व्यवसायसंधींचा विचार करताना प्रथम एक साधी तुलना करावी. मुंबईच्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची स्वच्छता निरीक्षक ही पदविका अनेकांना परिचित आहे. ती दर्जाने एमपीएचच्या पुष्कळ खाली. परंतु नगरपरिषदेच्या आस्थापनेवर 'स्वच्छता निरीक्षक' हे पद आहे आणि त्या पदासाठी ती पदविका मागितली जाते. पदविका आणि पद ह्यांचे नाते तेथे सरळ आहे. 2018 पासून उपकेंद्रांवर नेमल्या जाऊ लागलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचेही तसेच. परिचर्या किंवा आयुर्वेदाच्या पदवीधराला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळाले की त्याच्यासाठी एक निश्चित जागा असते, मग ती करारावरची का असेना. दोन वर्षे शिकलेल्या एमपीएच पदवीधरासाठी नाव घेऊन दाखविता येईल असे पद महाराष्ट्राच्या नियमित आरोग्यसेवेत शोधावे लागते. वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी ही सारी पदे वैद्यकीय पदवीधरांची. एमपीएच तेथे असलाच तर शोभेचा.

उरते ते राष्ट्रीय आरोग्य अभियान. 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, संनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी अशी पदे जिल्हा पातळीवर निर्माण केली. एमपीएचधारकांना सरकारी दार उघडले ते ह्या अभियानामुळेच. पण ही पदे कंत्राटी, बहुधा अकरा महिन्यांच्या कराराची. शिवाय अनेक जाहिरातींतील पात्रता 'कोणतीही वैद्यकीय पदवी व त्यासह एमपीएच' अशी असते. परिणाम असा की समाजकार्य किंवा सांख्यिकीची पदवी घेऊन आलेला विद्यार्थी वर्गात प्रथम आला तरी जाहिरातीच्या पहिल्याच अटीत अडकतो. विद्यापीठ त्याला आत घेते, सेवा त्याला बाहेर ठेवते. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ह्याचा उल्लेख करणे हे संस्थेचे किमान कर्तव्य ठरते. वैद्यकाला जशी वैधानिक परिषद आहे तशी सर्व शाखांना खुल्या असलेल्या ह्या अभ्यासक्रमासाठी नाही. म्हणून ते कर्तव्य बजावले गेले नाही तरी कोणी विचारत नाही.

असे असणे अपरिहार्य नाही, हे तामिळनाडूने दाखविले आहे. तेथे सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय 1920 च्या दशकापासून आहे, 1939 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या सेवेत जाणाऱ्या डॉक्टरला सार्वजनिक आरोग्याची पदविका घ्यावीच लागते. उपचाराची सेवा आणि प्रतिबंधाची सेवा ह्यांच्या बढतीच्या शिड्या तेथे निरनिराळ्या आहेत. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर त्या किनाऱ्यावर मोठी साथ उद्भवली नाही. त्याचे श्रेय अभ्यासकांनी ह्या संघटित संवर्गाला दिलेले आहे. अर्थात तामिळनाडूचा संवर्गही मुख्यत्वे डॉक्टरांचाच आहे; बिगरवैद्यकीय पदवीधराचा प्रश्न त्यानेही सोडविलेला नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग असावा असे म्हटले, 2022 मध्ये केंद्राने राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक पुस्तिकाही दिली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने पुढचे पाऊल राज्यांच्या सेवाप्रवेश नियमांतच उमटावयास हवे, आणि नियम बदलण्याची गती पुस्तिका छापण्याच्या गतीहून नेहमीच मंद असते.

सरकारबाहेरच्या वाटा पुष्कळ आहेत : स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रकल्प, संशोधनसंस्था, 2013 च्या कंपनी कायद्यानंतर वाढलेले सामाजिक उत्तरदायित्वाचे विभाग, रुग्णालयांची गुणवत्ता व्यवस्था, आरोग्यविमा. ह्यांपैकी विम्याची वाट विचित्र आहे. समूहाच्या आरोग्याचा विचार करावयास शिकलेला पदवीधर तेथे एकेका रुग्णाच्या दाव्याची कागदपत्रे तपासतो. वेतन बरे मिळते, आणि विद्यार्थ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. प्रकल्पांची वाट निधीवर चालते. 2025 मध्ये अमेरिकेच्या यूएसएड ह्या संस्थेचा कारभार गुंडाळला गेला, तेव्हा तिच्या निधीवर चालणारे क्षय व एचआयव्हीविषयक प्रकल्प अडचणीत आले. दूर देशातील एका सहीने येथील तरुणाची नोकरी धोक्यात यावी, इतका हा व्यवसाय परावलंबी आहे. अध्यापनाची वाटही अरुंदच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पात्रता परीक्षेत 'सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य' हा विषय आहे, परंतु त्या विषयाचे विभाग मोजके आहेत.

जामखेड, गडचिरोली आणि बीड

विद्यापीठीय शिक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातील दोन सर्वश्रुत प्रयोगांच्या मुळाशी हीच पदवी आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी तेथूनच 1984 मध्ये एमपीएच केले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 39 गावांत सेवा दिली गेली, 47 गावे तुलनेसाठी होती आणि नवजात मृत्युदरात सुमारे 62 टक्के घट नोंदली गेली. तुलनागट ठेवणे, प्रत्येक जन्म व मृत्यू नोंदविणे ही शिस्त विद्यापीठाने दिली. पण बाळाचे श्वास मोजणारी बाई गावातली, अल्पशिक्षित होती आणि तिला ते करता येईल हा विश्वास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. जामखेडच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांबाबतही हेच म्हणता येते. त्यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या. सार्वजनिक आरोग्य शिक्षणाचे दोन्ही अर्थ येथे एका ठिकाणी आले. मात्र ह्या दांपत्यांच्या हाती वैद्यकीय पदवी आणि स्वतःची संस्था होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा आदर्श बावीस वर्षांच्या, करारावर नेमलेल्या पदवीधरासमोर ठेवून त्यालाच अपुरे ठरविणे हा अन्याय होय.

अशा पदवीधराचे काम काय असावे, ह्याचे उदाहरण बीड जिल्ह्यात सापडते. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला व चौकशी समिती नेमली गेली. कोवळ्या वयातील स्त्रियांवर ह्या शस्त्रक्रिया का झाल्या? 'अज्ञान' हे उत्तर येथेही तयार असते. परंतु नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की कर्करोगाची भीती घातली जाते. ह्या साखळीतील प्रत्येक कडी सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत मोडते : साथरोगशास्त्र, व्यवसायजन्य आरोग्य, आरोग्याचे अर्थशास्त्र, खाजगी वैद्यकसेवेचे नियमन, आरोग्यसंवाद. सहा महिने कारखान्याच्या फडावर आणि सहा महिने गावी असणाऱ्या स्त्रीची नोंद कोणत्या उपकेंद्रात ठेवावयाची, एवढा एक प्रश्न जरी एका विद्यार्थ्याने चिकाटीने सोडविला तरी तो लघुप्रबंध वाचण्याजोगा होईल. तो सोडविण्यासाठी प्रश्नावलीपेक्षा मुकादमाची वही अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.

नवा अभ्यासक्रम काढू पाहणाऱ्या महाविद्यालयाला ह्या दृष्टीने काही गोष्टी सेवाप्रवेश नियम बदलण्याची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत. क्षेत्रकार्य चार आठवड्यांच्या भेटीपुरते न ठेवता एकाच तालुक्याशी वर्षानुवर्षे नाते जोडता येते, म्हणजे एका तुकडीने जेथे सोडले तेथून पुढची सुरू करील. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कोणत्या माहितीची निकड आहे हे विचारून विषय ठरविता येतात. गेल्या पाच तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे, कोणत्या पदावर व कोणत्या मूळ पदवीच्या बळावर आहेत, ह्याची यादी माहितीपुस्तिकेत छापता येते. वैद्यकीय पदवी नसलेल्यांची यादी त्यात वेगळी हवी. आणि प्रत्येक लघुप्रबंधाचा चार पानी मराठी गोषवारा संबंधित गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे, विद्यार्थ्याने स्वतः उभे राहून, वाचून दाखवावा अशी अट गुणदानाला जोडता येते. तेथे एखाद्या बाईने 'हे तर आम्हांला ठाऊकच होते' असे म्हटले, तर त्या आक्षेपाचे उत्तर परीक्षकापूर्वी तिला द्यावे लागेल.